जुन्या बुद्धिबळ स्पर्धांचे तक्ते : बेरीज जुळत नाही तेव्हा काय करायचं?

नोंदवही
मंडळी, जुन्या बुद्धिबळ स्पर्धांचे निकाल तपासणं आणि दुरुस्त करणं यावर इथे सलग चर्चा झालेली नाही, म्हणून हा धागा काढतोय. सोबत माझी एक प्रत्यक्ष अडचणही आहे.

आधी सगळ्यात साधी तपासणी. एकेरी साखळी स्पर्धेत, म्हणजे जिथे प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदाच खेळतो तिथे, प्रत्येक डावाला एकच गुण वाटला जातो, डाव कोणीही जिंको किंवा बरोबरीत सुटो. त्यामुळे सगळ्या खेळाडूंच्या गुणांची बेरीज आधीच ठरलेली असते. हेस्टिंग्ज १८९५ घ्या. २२ खेळाडू, म्हणजे २२ गुणिले २१ भागिले २, एकूण २३१. पिल्सबरी १६½, चिगोरिन १६, लास्कर १५½ असं करत शेवटच्या खेळाडूपर्यंत बेरीज मारली की २३१ यायलाच हवेत. नाही आले तर तक्ता उतरवताना कुठेतरी चूक झाली आहे. मग प्रत्येक जोडीच्या दोन चौकटी ताडून बघायच्या. एकाच्या ओळीत १ असेल तर दुसऱ्याच्या ओळीत ० हवा. छापखान्यातल्या आणि टायपिंगच्या बहुतेक चुका एवढ्यावर सापडतात.

आता अडचण. सत्तरच्या दशकात आमच्या भागात झालेल्या एका निमंत्रितांच्या स्पर्धेचं वर्तमानपत्रातलं कात्रण माझ्याकडे आहे. १२ खेळाडू, एकेरी साखळी, म्हणजे बेरीज ६६ हवी. ती येते ६५. पाचव्या आणि नवव्या क्रमांकाच्या खेळाडूंच्या आपसातल्या चौकटींत नुसती रेघ आहे. बाकी सगळं चोख जुळतं. या एका डावाचं काय झालं असेल, आणि नोंद कशी करावी?

अडीचघर
रेघ म्हणजे बरोबरी असणार. छापताना अर्ध्याचा खिळा (छपाईतला ½ चा टाइप) नसेल, म्हणून रेघ टाकली असेल. दोघांना अर्धा अर्धा द्या, ६६ होतात, विषय संपला.

नोंदवही
अडीचघर, त्याच तक्त्यात बाकीच्या बरोबऱ्यांना ½ नीट छापलंय, म्हणजे खिळा होता. शिवाय अर्धा अर्धा दिला की पाचवा खेळाडू चौथ्याच्या बरोबरीला येतो. बक्षिसं पहिल्या चौघांना होती. आपण अंदाजाने भरलेला अर्धा गुण उद्या कोणीतरी 'संयुक्त चौथा' म्हणून छापेल आणि मग तो कायमचा तसाच राहील. पुरावा मिळेपर्यंत चौकट रिकामी राहिलेली बरी.

मुग्धा_डोंबिवली
नोंदवहींशी सहमत, पण मला एक पायरी मागे जायचं आहे. डावागणिक एक गुण हा हिशोब आपल्याला आज स्वाभाविक वाटतो. जुन्या स्पर्धांना तो लावण्याआधी त्या स्पर्धेचा नियम बघावाच लागतो, नाहीतर आपण चूक नसलेल्या जागी चूक 'सुधारतो'.

पॅरिस १८६७. कोलिश २०, विनावेर १९, स्टाइनिट्झ १८. तेरा खेळाडू, प्रत्येकाचे प्रत्येकाशी दोन डाव, म्हणजे १५६ डाव. गुणांची बेरीज मात्र १५६ पेक्षा कमी भरते, कारण तिथे बरोबरीला गुणच नव्हता. बरोबरी झाली की दोघांनाही शून्य. कोणी आजच्या सवयीने त्या बरोबऱ्यांना अर्धा गुण देऊन तक्ता 'पूर्ण' केला, तर तो पॅरिसला झालेल्या स्पर्धेचा तक्ता उरत नाही.

लंडन १८८३ चं याहून वेगळं. १४ खेळाडू, दुहेरी साखळी, एकूण १८२ गुण. झुकरटोर्ट २२, स्टाइनिट्झ १९, ब्लॅकबर्न १६½. बेरीज बरोबर येते, पण डाव मोजायला गेलात तर १८२ हून जास्त सापडतात. नियम असा होता की पहिल्या दोन बरोबऱ्या धरायच्या नाहीत, डाव पुन्हा खेळायचा, आणि तिसऱ्यांदाही बरोबरी झाली तरच अर्धा अर्धा गुण.

आणि माझी सगळ्यात लाडकी स्पर्धा, मॉन्टे कार्लो १९०१. यानोव्स्की १०¼ गुणांनी पहिला, श्लेख्टर ९½ वर दुसरा. सव्वादहा! पहिल्यांदा हा आकडा पाहणाऱ्याला छपाईची चूकच वाटते. तिथे पहिला डाव बरोबरीत सुटला की दोघांना पाव पाव गुण मिळायचा, आणि उरलेल्या अर्ध्या गुणासाठी दुसरा डाव. तो जिंकला तर पाऊण विरुद्ध पाव, तोही बरोबरीत सुटला तर अर्धा अर्धा. पुढच्या वर्षीही हीच पद्धत होती, १९०२ ला मारोत्सी १४¾ आणि पिल्सबरी १४½.

यातून डेटाबेसमध्ये एक नेहमीचा घोळ होतो. 'एकेरी साखळी' अशी नोंद असलेल्या स्पर्धेत त्याच दोघांचे दोन डाव दिसले की संगणकाला ते दुबार वाटतात, आणि दुबार डाव काढून टाकणारी सोय त्यातला एक उडवते. बऱ्याचदा पहिली बरोबरी जाते आणि मागे फक्त निकाली डाव राहतो. मग यानोव्स्कीचे सव्वादहा कुठून आले हे कळायचा मार्गच बंद. म्हणून माझं म्हणणं, बेरीज चुकली म्हणजे प्रश्न सापडला एवढंच समजा. उत्तर स्पर्धेच्या नियमात असतं.

सातवी_रांग
मुग्धाताई, फार छान लिहिलंत. यात सूस १९६७ ची भर घालतो, कारण मला त्याहून अवघड प्रकरण माहीत नाही.

ट्युनिशियातल्या सूसला इंटरझोनल होती, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या फेरीसाठीची पात्रता स्पर्धा. बॉबी फिशर तिथे १० डाव खेळला, ७ जिंकले, ३ बरोबरीत, एकूण ८½. वेळापत्रकावरून आयोजकांशी वाद झाला, काही डावांना तो आलाच नाही, मध्ये परत येऊन रेशेव्हस्कीला हरवून गेला आणि शेवटी स्पर्धा सोडून गेला. निम्म्याहून कमी डाव झाले असल्याने त्याचे सगळे निकाल रद्द धरले गेले. अधिकृत तक्ता उरलेल्या २२ जणांचा आहे, लार्सन २१ पैकी १५½ गुणांनी पहिला. गंमत म्हणजे इथेही बेरीज हेस्टिंग्जसारखी २३१ च.

आता डेटाबेसमध्ये फिशरचे ते डाव असतात, आणि असायलाच हवेत. स्टाइनविरुद्धचा डाव तर त्याच्या उत्तम डावांत गणला जातो. पण डावांवरून तक्ता आपोआप बनवायला सांगितला की फिशर त्यात शिरतो आणि त्याच्याशी खेळलेल्यांची बेरीज बिघडते. हा नुसता कागदी प्रश्न नाही. पुढच्या फेरीत जाण्याच्या सहाव्या, म्हणजे शेवटच्या जागेसाठी रेशेव्हस्की, स्टाइन आणि हॉर्ट तिघंही १३ गुणांवर होते. रेशेव्हस्की आणि स्टाइन दोघंही फिशरकडून हरले होते, आणि ते पराभव तक्त्यात नाहीत. मग १९६८ ला लॉस एंजेलिसमध्ये तिघांची वेगळी लढत झाली, तीही सारख्या गुणांवर सुटली, आणि सूसच्या टायब्रेकवर (सारखे गुण असताना क्रम ठरवणाऱ्या हिशोबावर) रेशेव्हस्की पुढे गेला. म्हणजे त्या तक्त्यात काय धरलं आणि काय वगळलं यावर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या फेरीत कोण गेलं हे ठरलं.

मी माझ्यापुरता नियम केला आहे. पटावर काय झालं ते डावांच्या यादीत ठेवायचं, स्पर्धेने काय मोजलं ते तक्त्यात ठेवायचं, आणि दोन्हींत फरक असेल तिथे टीप लिहायची. एकाच्या सोयीसाठी दुसरं बदलायचं नाही.

अडीचघर
बरं, अर्धा अर्धा मागे घेतला. पण मग १९३९ च्या ऑलिम्पियाडचं, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेचं काय? तिथे तर न खेळलेल्या सामन्यांनाही गुण आहेत.

सातवी_रांग
हो, ब्युनॉस आयर्स. स्पर्धा चालू असतानाच युरोपात युद्ध पेटलं. जर्मनी-पोलंडसारखे काही सामने न खेळता २-२ धरले गेले. जर्मनी ३६, पोलंड ३५½, एस्टोनिया ३३½ हे अंतिम आकडे त्यासकट आहेत. संघाच्या तक्त्यात ते २-२ हवेतच, पण म्हणून खेळाडूंच्या वैयक्तिक नोंदीत बरोबऱ्या घालायच्या नाहीत. त्या चार पटांवर एकही चाल झालेली नाही.

मानहाइम १९१४ सुद्धा यात बसेल. १७ पैकी ११ फेऱ्या झाल्या आणि युद्धामुळे स्पर्धा थांबली. अलेखिन ११ पैकी ९½ वर पुढे होता. अपुरा तक्ता हाच तिथे खरा तक्ता.

कृष्णाकाठ
नोंदवही, तुमच्या कात्रणाकडे परत येतो. मी सांगलीचा. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे आमच्याकडे घरोघरी जुन्या स्पर्धांचे कागद आहेत, त्यामुळे वर्तमानपत्री तक्ते पुष्कळ पाहिलेत.

रेघ म्हणजे बहुधा 'तहकूब'. आजच्या मुलांना हे माहीत नसतं म्हणून लिहितो. त्या काळी पाच तास आणि चाळीस चाली झाल्या आणि डाव संपला नाही की तो तहकूब व्हायचा. ज्याची चाल असेल तो ती पटावर न करता कागदावर लिहून लखोट्यात घालायचा, लखोटा पंचांकडे. डाव दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा विश्रांतीच्या दिवशी पुढे. तोवर बातमीदाराने रात्री फोनवर किंवा तारेने निकाल कळवलेले असायचे. त्यामुळे वर्तमानपत्रातला 'अंतिम' तक्ता कित्येकदा तहकूब डाव बाकी असतानाचा असतो, आणि तहकूब डावाचा निकाल दोन दिवसांनी कुठल्या तरी कोपऱ्यात एका ओळीत येतो किंवा येतच नाही.

तेव्हा एकाच अंकावर थांबू नका. स्पर्धा संपल्यानंतरच्या आठवडाभराचे अंक बघा, आणि एकाच दैनिकाचे नको. जिल्ह्याचं दैनिक आणि पुण्या-मुंबईचं दैनिक यांचे बातमीदार वेगळे असायचे. दोघांनी एकच निकाल दिला तर भरवसा ठेवता येतो. दोन्हीकडे एकाच वृत्तसंस्थेची बातमी असेल तर मात्र ते दोन पुरावे होत नाहीत, एकच आहे. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे मंडळाची स्मरणिका. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत मागच्या वर्षीचा पूर्ण तक्ता द्यायची पद्धत होती. मी आमच्याकडचा गठ्ठा काढून बघतो.

नोंदवही
कृष्णाकाठ, फार आभार. वर्ष आणि गाव तुम्हाला व्यक्तिगत निरोपाने कळवलंय.

हैदराबादी_मराठी
चर्चा गुणांवर चालली आहे, पण आपल्याकडच्या नोंदी जास्त बिघडतात त्या नावांमुळे.

पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ साली आंध्रात एलुरूला झाली. दोन संयुक्त विजेते, आपले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या. सप्र्यांचं नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं आणि प्रत्येक प्रकाराला डेटाबेस वेगळा माणूस समजतो. वेंकय्यांची अडचण वेगळी. तेलुगूत आधीचं आद्याक्षर घराण्याचं असतं आणि शेवटी येतं ते स्वतःचं नाव. परदेशी पद्धतीने शेवटच्या शब्दाला आडनाव धरून यादी लावली की घराण्याचं नाव आद्याक्षरापुरतंच उरतं. आपल्या मराठी नावांत शेवटी आडनाव येतं म्हणून आपली सुटका होते असं वाटतं, पण मधलं वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं, आणि तिथे पुन्हा दोन माणसं तयार होतात.

संयुक्त विजेतेपदाचं तर फार वाईट वाटतं. 'विजेता' या रकान्यात एकच नाव मावतं म्हणून दुसरं गळतं. कुठे फक्त सप्रे, कुठे फक्त वेंकय्या. देशाच्या पहिल्या राष्ट्रीय विजेत्यांपैकी एकाचं नाव रकान्याच्या रुंदीपायी जाणं मला मान्य नाही. अशी नोंद दिसली की मी लगेच दुरुस्तीची विनंती पाठवतो.

मुग्धा_डोंबिवली
महिलांच्या नोंदींत हे दुप्पट आहे. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकरने जिंकली. १९७६ ला तेराव्या वर्षी रोहिणी विजेती झाली, पुढे १९८१ ला आशियाई विजेतीही. मधली जयश्रीही राष्ट्रीय विजेती. तिघी सख्ख्या बहिणी, एकाच काळात, एकाच स्पर्धांमध्ये, आणि जुन्या तक्त्यांत बरेचदा नुसतं 'खाडिलकर'! एकीचा डाव दुसरीच्या खात्यावर जायला वेळ लागत नाही.

त्यात लग्नानंतरची नावं. सांगलीची भाग्यश्री साठे पाच वेळा राष्ट्रीय विजेती. प्रवीण ठिपसेंशी लग्न झाल्यावर ती कुठे साठे, कुठे ठिपसे, कुठे साठे-ठिपसे. एका खेळाडूच्या कारकिर्दीचे तीन तुकडे. पुरुष खेळाडूच्या बाबतीत हे घडत नाही, म्हणून यादी बनवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. हे तुकडे जोडणं आपण मराठी लोकांनीच करायला हवं, कारण ही माणसं एक आहेत हे आपल्याला माहीत आहे.

सातवी_रांग
फाळणीपूर्व भारतातल्या सुलतान खानचंही असंच. हेस्टिंग्ज १९३०/३१, ऑयवे ७, कापाब्लांका ६½, सुलतान खान ६, आणि कापाब्लांकाला त्याने हरवलेला तो डाव याच स्पर्धेतला. डिसेंबर ते जानेवारी अशी स्पर्धा असल्याने एकच स्पर्धा कुठे १९३० खाली, कुठे १९३१ खाली. देश कुठे भारत, कुठे पाकिस्तान, कुठे इंग्लंड. हॅम्बर्ग १९३०, प्राग १९३१ आणि फोकस्टन १९३३ या ऑलिम्पियाडमध्ये तो इंग्लंडकडून पहिल्या पटावर खेळला, तेव्हा त्या तीन ठिकाणी इंग्लंडच लिहायचं. फाळणीनंतर तो पाकिस्तानात राहिला, १९६६ ला सरगोध्यात वारला, आणि २०२४ ला फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो पाकिस्तानच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत. नोंद स्पर्धेच्या दिवशीची असावी, आजची नको. शहरांनाही हेच लागू. रशियातली १९१४ ची गाजलेली स्पर्धा सेंट पीटर्सबर्गचीच, लेनिनग्राडची नव्हे, ते त्याच शहराचं नंतरचं नाव. रशियातल्या तारखा तर १९१८ पर्यंत जुन्या (ज्युलियन) दिनदर्शिकेच्या, विसाव्या शतकात १३ दिवस मागे. रशियन आणि जर्मन मासिकांत एकाच फेरीच्या दोन तारखा दिसल्या तर आधी हा फरक वजा करून बघा.

प्यादं_ठाण्याचं
मी नवीन आहे. विचारायचं होतं की खेळाडूंनी स्वतः छापलेले डाव तरी खात्रीचे असतात ना?

मुग्धा_डोंबिवली
नेहमी नाही. अलेखिनच्या नावावर पाच वजिरांचा एक डाव प्रसिद्ध आहे, मॉस्को १९१५, ग्रिगोरिएव्हविरुद्ध, अलेखिन पांढऱ्या मोहऱ्यांनी. खऱ्या डावात पांढरी मोहरी ग्रिगोरिएव्हकडे होती आणि पाच वजीर पटावर कधी आलेच नाहीत. ती अलेखिनच्या विश्लेषणातली एक शाखा होती, तीच पुढे डाव म्हणून फिरली. म्हणून त्या काळातली, त्या स्पर्धेची नोंद शोधायची. फिलाडेल्फियाच्या जेरेमी गेज यांनी १८५१ पासूनच्या स्पर्धांचे तक्ते असेच मूळ कागदांवरून गोळा केले, संगणक हाताशी नसताना. आज आपण ज्या याद्या वापरतो त्यांच्या मुळाशी त्यांची मेहनत आहे.

कृष्णाकाठ
नोंदवही, सापडलं. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत शेवटून तिसऱ्या पानावर पूर्ण तक्ता आहे. पाचव्या आणि नवव्याच्या चौकटींत दोन्हीकडे ०. बेरीज ६५ च. खाली बारीक टाइपात टीप आहे : तहकूब डावाच्या वेळी दोन्ही खेळाडू हजर न राहिल्याने नियमाप्रमाणे दोघांनाही शून्य गुण. दोन्ही पानांचा फोटो पाठवलाय, पान क्रमांकासकट.

आणखी एक. नववा खेळाडू माझ्या वडिलांचा मित्र. त्यांच्या घरच्यांनी स्कोअरशीट, म्हणजे खेळाडूने चाली लिहिलेला कागद, जपून ठेवलंय. ४१ चाली आहेत, ४१ वी लखोट्यातली. दोघांकडे एकेक हत्ती आणि तीन-तीन प्यादी, सगळी एकाच बाजूला. बरोबरीच होती म्हणा. दोघांनी तसंच धरलं असेल आणि पंचांना सांगायचं राहिलं असेल, पण हा माझा तर्क, कुठे लिहिलेलं नाही.

अडीचघर
म्हणजे बरोबरीचा डाव आणि गुण शून्य-शून्य. कात्रणावरून मी अर्धा अर्धा टाकला असता तर स्थितीला धरून बरोबर आणि स्पर्धेला धरून चूक ठरलो असतो. पाचव्या खेळाडूचा चौथ्या क्रमांकातला वाटा तिथेच गेला की हो.

नोंदवही
कृष्णाकाठ, तुमचे आणि त्या घरच्या मंडळींचे मनापासून आभार. नोंद अशी केली आहे, कोणाला काही खटकलं तर सांगा.

तक्ता : ६५ गुण, त्या जोडीला ०-०, आधार स्मरणिका आणि पान क्रमांक. टीप स्मरणिकेतल्या शब्दांत, जशीच्या तशी.

डाव : पीजीएनमध्ये (संगणकावर डाव लिहायच्या प्रचलित पद्धतीत) ४१ चाली. त्या पद्धतीत निकाल म्हणून फक्त पांढऱ्याचा विजय, काळ्याचा विजय, बरोबरी किंवा तारांकन एवढंच चालतं, शून्य-शून्य लिहिता येत नाही. म्हणून तारांकन ठेवलंय आणि खाली खुलासा जोडलाय. स्कोअरशीटवर महिना आहे पण तारीख नाही, तिथे प्रश्नचिन्हं ठेवली आहेत. फेरी स्कोअरशीटवर आहे, ती घेतली.

कात्रणातला तक्ता काढून टाकलेला नाही. 'तहकूब डाव बाकी असतानाचा' असं लिहून तोही फाइलमध्ये ठेवलाय, म्हणजे उद्या कोणाला तेच कात्रण मिळालं तर ६५ आणि रेघ कुठून आली हे कळेल.

मुग्धाताई, पुढे महिलांचे तक्ते घेऊ. माझ्याकडे सत्तरच्या दशकातली चार कात्रणं अशी आहेत ज्यात खाडिलकर भगिनींची फक्त आडनावं आहेत. ज्यांच्या घरी त्या वर्षांतली क्रीडापानं किंवा राज्य स्पर्धांच्या स्मरणिका असतील त्यांनी पूर्ण पानाचा फोटो काढावा, तारीख दिसेल असा. नुसता तक्ता कापून पाठवू नका, शेजारच्या बातमीत बहुतेकदा पहिली नावं असतात.

मुग्धा_डोंबिवली
तयार. माझ्याकडे दोन पानं आहेत, शनिवारी स्कॅन करून टाकते. एकात फेरीवार निकाल आहेत, त्यावरून निदान दोन कात्रणांतली कोण कोणती हे लागावं.